रीडिंगची उधारी

त्याचं खरं नाव कुठल्या तरी कागदावर असेलच, पण ज्या गल्ल्यांतून तो हिंडायचा तिथे त्याला सगळे ‘रीडिंग’ म्हणत. बेल वाजली की आतून आवाज यायचा, "बघ गं, रीडिंग आलंय, कुत्रा बांध." मग हा खांद्याला मशीन अडकवून आत शिरायचा, जिन्याखालच्या अडगळीत मान घालून विजेच्या मीटरवरचा आकडा वाचायचा, तो मशीनमध्ये टाकायचा आणि कोणी चहा विचारला तर नको म्हणून बाहेर पडायचा. चहा तो कधीच घेत नसे. आज चहा पाजतील आणि उद्या युनिट कमी लिहायला सांगतील, असं त्याचं मत होतं. त्याची सगळीच मतं अशी, समोरच्याला आधी चोर ठरवून मग बनवलेली.

पंधरा-सोळा वर्षं मीटर वाचून आपल्याला माणसं कळली आहेत, असा त्याचा समज होता. "आम्ही तर पंखासुद्धा लावत नाही हो," म्हणणाऱ्या बाईच्या घरात गीझर सकाळपासून चालू. बंगल्यातला वकील पाच-दहा युनिटांसाठी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटणार आणि त्याच्या अंगणातले दिवे भर दुपारी जळत असणार. "लोकांकडे पैसा आहे, पण हिशोब नाही," असं तो बरोबरच्या रीडरांना सांगे. सांगताना नाक इतकं वर करी की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरी सोन्याचा धूर निघतो.

त्याच्या घरी साधा चुलीचाही धूर निघत नव्हता. एका गॅरेजवरची एक खोली, आणि त्या खोलीत भला मोठा डबल बेड. लग्न ठरलं होतं तेव्हा हा पलंग त्याने हप्त्यांवर घेतला होता. मुलीकडची माणसं खोली बघायला आली, त्यांनी पलंग बघितला आणि पलंगाच्या पलीकडे काय आहे ते विचारलं. पलंगाच्या पलीकडे भिंत होती. लग्न मोडलं, हप्ते चालू राहिले. पलंगामुळे दार अर्धंच उघडायचं, म्हणून हा गृहस्थ रोज स्वतःच्या घरात चोरासारखा आडवा होऊन शिरायचा.

पगार कंत्राटदाराच्या मनात येईल तेव्हा व्हायचा. झाला की तो पलंगावर बसून नोटांचे वाटे करी. एक भाड्याचा, एक हप्त्याचा, एक बसचा, एक खानावळीचा, एक किराण्याचा, एक इस्त्रीचा. वाटे कधी चुकत नसत, नोटाच कमी पडत. मग तो या वाट्यातली एक त्या वाट्यात ठेवी, त्यातली परत यात ठेवी, आणि अर्धा तास असा पत्ते पिसल्यासारखा घालवून शेवटी सगळ्यांनाच थोडं थोडं द्यायचं ठरवी. त्याला तो ‘नियोजन’ म्हणे.

इस्त्रीचं तर विचारूच नका. इस्त्री किती वॅट खाते हे त्याला तोंडपाठ, त्यामुळे घरात इस्त्री तापवणं म्हणजे पाप. म्हणून कपडे इस्त्रीवाल्याकडे, आणि तेही उधारीवर. वर्षभराच्या उधारीत दोन नव्या इस्त्र्या आल्या असत्या आणि वर वीजही. पण विजेचं बिल कमी आलं याचा जो आनंद होता, तो त्याला कुठल्याही हिशोबात बसवता येत होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी. ज्या एरियातली मीटरं तो वाचायचा, तिथे त्याने कधी उधारी केली नाही. ज्याचं देणं लागतो त्याचं मीटर वाचणाऱ्याचा हात कधी ना कधी घसरतोच, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून उधारी करायची ती पुलापलीकडच्या गल्लीत. तिथली मीटरं दुसरा रीडर बघायचा आणि तिथे हा नुसता एक नीटनेटका, इस्त्रीच्या शर्टातला नोकरदार होता. खानावळवाल्याने तोंड वाकडं केलं की हा इस्त्रीवाल्याकडून हातउसने घेऊन त्याच्यापुढे टाकी, इस्त्रीवाल्याने हटकलं की थोरल्या बहिणीला फोन लावी. याची टोपी त्याला घालत वर्षं चालली होती.

टोपी घालावी लागत नव्हती ती फक्त दुकानवाल्या काकूंना. नवरा गेल्यापासून काकू किराण्याचं दुकान एकट्या चालवत. त्या पैसे मागतच नसत. "राहू द्या भाऊ, सवडीनं द्या," म्हणत आणि साखर पुड्यात बांधत. याने त्याबद्दल उपकार मानावेत की नाही? तो उलट खानावळीत बसून इतरांना सांगे, "त्या बाईला धंदा कळत नाही. असं दुकान चालतं का? लोक डोक्यावर मिरी वाटतात तिच्या." मिरी वाटणाऱ्यांत आपण पहिल्या पाचात आहोत, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात नसे.

मग एक दिवस सुपरवायझरने सगळ्या रीडरांना बोलावून एरिया बदलून टाकले. रीडरची लोकांशी ओळख वाढू नये म्हणून दर दोन-तीन वर्षांनी असे एरिया बदलत. याच्या वाट्याला पुलापलीकडची गल्ली आली.

सुपरवायझर वयाने लहान होता, पण खुर्ची मोठी होती. "काही अडचण?" त्याने विचारलं.

"मला कसली अडचण, साहेब?" हा म्हणाला.

दुसरं काय म्हणणार? आदल्याच महिन्यात लंबू नावाच्या रीडरला घरी पाठवलं होतं. लंबू सायकलच्या दुकानदाराचं थोडंसं देणं लागत होता. त्या दुकानाचं रीडिंग अचानक खाली आलं, तपासणीची माणसं गेली, उधारी निघाली. लंबूने काही केलं होतं की नव्हतं, ते कोणी विचारत बसलं नाही. आणि ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज आपल्या या रीडिंगचाच होता. "अशांना काढलंच पाहिजे. आपल्या सगळ्यांना बट्टा लावतात," असं तो भर टेबलाशी उभा राहून बोलला होता. आता तिथेच उभं राहून "साहेब, त्या गल्लीत माझीही उधारी आहे," म्हणायला जीभ वळली असती का? नोकरी गेली असती तर खोली गेली असती, हे झालंच. पण त्याहून जास्त, जगात एवढे चोर असताना मी एक स्वच्छ, एवढी एकच मिळकत त्याच्या गाठीशी होती. ती गेली असती.

तेव्हा पहिल्या फेरीच्या आत तिन्ही उधाऱ्या फेडायच्या, असं त्याने ठरवलं. बहिणीला फोन केला.

"ताई, थोडे पैसे लागतील."

"थोडे म्हणजे? आणि मागचे?"

"ते धरूनच बोलतोय मी."

"एकटा जीव तू. ना बायको ना पोरं. जातात कुठे रे तुझे पैसे?"

"जातात."

"माझ्या घरात पाच तोंडं आहेत, तरी मी कुणापुढे हात पसरला नाही. एकदा तुझ्यापुढे पसरून बघते. काय पडतं ते कळेल तरी."

एवढं सुनावून तिने मागितल्याच्या निम्मे पाठवले. फोन ठेवल्यावर याने मान हलवली आणि स्वतःशी म्हणाला, हिचं तोंड फार वाजतं. निम्मे पैसे कुठल्या घरखर्चातून निघाले असतील, हा प्रश्न त्याला पडला नाही. लोकांच्या घरचे पंखे मोजणाऱ्याला बहिणीच्या घरची तोंडं मोजता आली नाहीत.

राहिलेल्या निम्म्यासाठी त्याने पलंग विकायला काढला. जुन्या फर्निचरवाला आला, त्याने पलंगावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "लाकूड कुठलं हो हे? दाबलेला भुसा आहे नुसता." शेवटी त्याने गादीसकट जे दिलं, ते सांगायची लाज वाटावी. अजून दीड वर्षाचे हप्ते बाकी होते. म्हणजे आता हा जमिनीवर सतरंजी टाकून झोपणार आणि महिन्याच्या महिन्याला नसलेल्या पलंगाचे पैसे भरणार. दार मात्र पहिल्यांदाच पूर्ण उघडलं.

पैसे जमले, आणि स्वारीला अवसान चढलं. निमूटपणे जाऊन देऊन यायचे, तर नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते तेव्हाच तो मुद्दाम गल्लीत गेला. खानावळवाल्याच्या गल्ल्यावर नोटा मोजून ठेवल्या. इस्त्रीवाल्याला मोठ्याने विचारलं, "झालं ना सगळं? पुन्हा माझं नाव निघता कामा नये." मग काकूंच्या दुकानासमोर उभा राहिला.

"काकू, किती होतात माझे? पै न् पै सांगा."

काकू एका बाईला तेल देत होत्या. "एवढी घाई काय आहे भाऊ? गाव सोडून चाललात की काय?"

"कुणाचं ठेवायचं नाही मला. हे घ्या. सगळ्यांसमोर मोजा."

काकूंनी पैसे न मोजताच फडक्याखाली ठेवले. हा जागचा हलला नाही. "मिळाले म्हणून लिहून द्या," म्हणाला. तेल घेणारी बाई याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं या बाईने तोंडी शब्दावर घर चालवायला दिलं आणि हा तिच्याकडे पावती मागतोय. काकूंनी एका चिठोऱ्यावर दोन ओळी लिहून दिल्या. त्यानंतर त्या याच्याशी काही बोलल्या नाहीत, आणि हा त्यालाच मान समजून ताठ मानेने निघाला.

फेरीचा दिवस आला. खानावळवाल्याने मीटरपाशी येऊन डोळा मारला, "आपल्या माणसाकडे जरा बघा हं." याने कडक आवाजात आकडा वाचून दाखवला आणि मशीनमध्ये टाकला. इस्त्रीवाल्याकडेही तसंच. छाती दोन बोटं पुढे आली होती. मग काकूंच्या दुकानात शिरून मागच्या भिंतीवरचं मीटर वाचलं, आकडा टाकला, आणि मशीन लाल झालं.

दर महिन्याला अडीचशेच्या पुढे जाणारं दुकान या वेळी सत्तरवर आलं होतं. वापर निम्म्याहून खाली गेला की मशीन लाल व्हायचं आणि असं रीडिंग थेट तपासणीला जायचं. याने डोळे पुसून पुन्हा वाचलं. आकडा तोच. मागे वळून पाहिलं तर काकूंचा मोठा डीप फ्रीज उघडा पडला होता आणि त्यात साबणाच्या वड्या रचलेल्या होत्या.

"फ्रीज?" त्याने विचारलं.

"कॉम्प्रेसर गेला. दूध, थंड पेयं, सगळं बंद केलंय. आठवड्याभरात करून घेईन," काकू गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजत म्हणाल्या.

म्हणजे आकडा खरा होता. वीज जळलीच नव्हती. शेंबड्या पोरालाही पटावं असं कारण समोर उघडं पडलं होतं. खरा आकडा टाकायचा, तपासणीची माणसं आली की फ्रीज दाखवायचा, संपलं. पण याच्या डोक्यात लंबू बसला होता. तपासणीची माणसं गल्लीत विचारणार, हा रीडर कोण? आणि सगळी गल्ली एका सुरात सांगणार, अहो, गेल्याच महिन्यात इथे उभा राहून उधारी फेडत होता की तो, पावतीसकट. गल्लीला ते माहीत कसं? यानेच दवंडी पिटली होती म्हणून. मुकाट्याने पैसे दिले असते तर कुत्र्यालाही कळलं नसतं.

मीटरचा फोटो काढणारं मशीन अजून यायचं होतं. त्याने लाल झालेला आकडा पुसला आणि दुकानाचा नेहमीचा वापर धरून वाढीव रीडिंग टाकलं. मशीन शांत झालं. सोळा वर्षांत त्याने एक युनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं, आणि पहिल्यांदा केलं ते आपण प्रामाणिक आहोत हे दिसावं म्हणून केलं.

बाहेर पडल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. आपण घेतलंय काय? जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात आपोआप जुळतील. आठवड्याभरात फ्रीज सुरू होणार, मीटर भराभर पळणार आणि आपण लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाणार. मग उरलेलं तेवढंच बिल काकूंना येईल. त्यांचा एक पैसा बुडत नाही. लोकांना हिशोब कळत नाही म्हणून सोळा वर्षं नाक मुरडणाऱ्या माणसाचा हा हिशोब होता. त्या रात्री सतरंजीवर त्याला झोपही चांगली लागली. आपण काकूंकडून महिनाभरासाठी उसने घेतले आहेत आणि या खेपेला विचारलंसुद्धा नाही, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही.

पुढच्या महिन्यात तो दुकानात शिरला तेव्हा गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याने आधी फ्रीजकडे पाहिलं. साबणाच्या वड्या तशाच होत्या, वर आता काडेपेट्याही आल्या होत्या. त्याने मीटर वाचलं, मशीनमधला मागचा आकडा काढून पाहिला. दोन्ही महिन्यांचं मिळून मीटर जेमतेम सव्वाशे पुढे सरकलं होतं. त्याने लिहून ठेवलेल्या आकड्यापर्यंत ते अजून पोचलंच नव्हतं. आज जे खरं होतं ते मागच्या महिन्याच्या खोट्यापेक्षा मागे होतं, आणि मागे जाणारं मीटर कुठल्याच मशीनला चालत नाही.

"नाही पोचलं ना अजून?" काकू मागून म्हणाल्या. त्यांच्या हातात बिल होतं. "मी रोज बघतेय. तुम्ही लिहिलेला आकडा बिलावर आहे. मीटरवर तो अजून यायचाय."

"चूक झाली असेल काकू. मी बघतो. पुढच्या महिन्यात नक्की जुळेल."

"चूक झाली असती तर मी ऑफिसात गेले असते. चुकीचा आकडा कसाही येतो. हा तर अगदी माझ्या नेहमीच्या बिलाएवढा आलाय. म्हणजे विचार करून टाकलेला."

याने फ्रीजकडे पाहिलं. मग विचारलं, "फ्रीज करून घेणार होतात ना?"

"घेणार होते. तुम्ही दिलेले पैसे त्यासाठीच बाजूला ठेवले होते. सगळ्यांसमोर दिले होते ना, ते. मग हे बिल आलं आणि त्यात गेले." काकूंच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "इतकी वर्षं तुम्ही मागत होतात, मी देत होते. तुम्ही मागितलं म्हणून मला कधी तुमची लाज वाटली नाही, भाऊ. या वेळी वाटली."

त्या पुढे जाऊन गल्ल्यावर बसल्या. एक पोरगी चहापत्ती घ्यायला आली होती, तिला त्यांनी पुडा दिला.

आता या गृहस्थापुढे वाटा नव्हत्या असं नाही. आणखी थोडे युनिट वर चढवून खोटं पुढे ढकलता आलं असतं, दुकान बंद होतं असं दाखवता आलं असतं. या लबाड्या त्याला माहीत होत्या, कारण असल्या लबाड्या करणाऱ्यांना तो वर्षानुवर्षं शिव्या घालत आला होता. त्याचं बोट त्यातल्या एकीवर टेकलंही. पण मग वाढलेलं बिल पुन्हा गल्ल्यावरच्या बाईनेच भरायचं होतं, आणि फ्रीजमध्ये काडेपेट्यांवर आणखी काहीतरी रचलं जायचं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने मीटरवर होता तो आकडा टाकला. मशीनने कारण विचारलं. त्याने ‘मागील रीडिंग चुकीचं’ यावर बोट ठेवलं. मशीनने मागील रीडरचा नंबर मागितला, तेव्हा त्याने स्वतःचा टाकला.

तो दुकानाच्या पायरीवरच उभा होता तेवढ्यात फोन आला. सुपरवायझर होता.

"हे काय पाठवलंत? मागचं रीडिंग कोणी घेतलं होतं?"

"मीच, साहेब."

"आणि चुकीचं? एवढ्याने? तुम्ही?" मग त्याने लंबूला विचारलं होतं तेच विचारलं. "उधारी होती का तुमची त्या दुकानात?"

काकूंनी लिहून दिलेलं चिठोरं खिशातच होतं. ते दाखवायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. काकू आत तराजूत डाळ घालत होत्या, पण त्यांचं लक्ष इकडेच होतं.

"होती," तो म्हणाला.

"फिटली की आहे अजून?"

"आहे अजून," तो काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, आणि खांद्यावरचं मशीन उतरवून हातात घेतलं.